नवी रॅम पांढऱ्या पायाची?

तृतीय वर्ष कला (तत्त्वज्ञान)

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कावळ्याच्या वजनाने फांदी मोडत नाही, हे कोणालाही कळते. तरीसुद्धा फांदी मोडली की आपली नजर आधी कावळ्याकडेच जाते. संस्कृतात याच अर्थाने 'काकतालीय न्याय' सांगितला आहे. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या तासाला आपण शिकतो, परीक्षेत त्यावर टीप लिहितो, आणि वर्गाबाहेर पडताच विसरून जातो. प्रस्तुत लेखात हाच विषय मी एका अगदी रोजच्या वस्तूच्या आधाराने मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे लॅपटॉप. आणि प्रश्न असा की, रॅम वाढवल्यानंतर तो वारंवार बंद पडू लागला, तर दोष कोणाचा आणि तो शोधायचा कसा?

कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आपले निबंध, प्रकल्प, मुलाखतींची टिपणे, सरांनी वर्षानुवर्षे जमवलेले संदर्भ, सारे आता या पेटीतच असते. त्यातून विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते. पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. चार खिडक्या उघडल्या की यंत्र कण्हू लागते. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला रॅमची एक पट्टी वाढवणे हाच त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग उरतो. म्हणून हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही, आपलाही आहे.

प्रथम रॅम म्हणजे काय ते पाहू. ग्रंथालयातील कपाट आणि अभ्यासिकेतील टेबल यांत जो फरक, तोच लॅपटॉपच्या डिस्कमध्ये आणि रॅममध्ये आहे. पुस्तके कपाटात कायमची राहतात. वाचायची तेवढी टेबलावर येतात. टेबल लहान असले की सारखी ने-आण करावी लागते आणि काम रेंगाळते. टेबल मोठे करणे म्हणजेच रॅम वाढवणे. मात्र हे टेबल विचित्र आहे. वीज गेली की त्यावरचे सगळे नाहीसे होते.

आज वापरात असलेल्या या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. एक सूक्ष्म विद्युत्‌धारक आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर, एवढ्या जागेत एक 'बिट' म्हणजे शून्य किंवा एक साठवायचा. धारकात भार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा धारक गळक्या मडक्यासारखा असतो. त्यातला भार सतत झिरपत राहतो. म्हणून प्रत्येक मडके साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावे लागते, म्हणजे सेकंदाला पंधराहून अधिक वेळा. ८ जीबीच्या एका पट्टीवर अशी ६,८७१ कोटींहून अधिक मडकी असतात. ती सर्व भरत राहणे, त्यांतून नेमके वाचणे आणि वाचलेले पट्टीच्या कडेवरील सोनेरी पट्ट्यांमधून प्रोसेसरपर्यंत अचूक पोहोचवणे हे काम क्षणाचीही उसंत न घेता चालू असते. इतक्या व्यवहारात कधीतरी एखादा बिट चुकतो यात नवल नाही. बहुधा एकही चुकत नाही, हेच नवल!

एक बिट चुकला तर काय बिघडते? आपल्या विषयातले उदाहरण घेऊ. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आणि 'ग' चा २३२७. यंत्राच्या भाषेत पहिला ००००१००१०००१०१०१ असा लिहिला जातो आणि दुसरा ००००१००१०००१०१११ असा. वाचकांनी शेवटून दुसरा आकडा पाहावा. फरक तेवढाच आहे. म्हणजे सोळांतला एक बिट पालटला की 'काय' ची 'गाय' होते! शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही ही चूक सापडणार नाही, कारण 'गाय' हा शब्द अगदी शुद्ध आहे.

हाच बिट मजकुराऐवजी प्रणालीच्या एखाद्या आज्ञेत पालटला, तर यंत्राला भलतीच आज्ञा मिळते. पुढे अधिक नुकसान होऊ नये म्हणून विंडोज स्वतःहून काम थांबवते आणि निळा किंवा काळा पडदा दाखवून यंत्र पुन्हा सुरू करते. तेव्हा पडद्यावर संदेश येऊन यंत्र बंद पडणे हा खरे पाहता उपकारच समजावा. न सांगता बदललेला मजकूर हा त्याहून मोठा धोका. ही अडचण फार जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांची आठवड्याच्या सुट्टीत लावून ठेवलेली गणिते यंत्राच्या एखाद्या चुकीमुळे अर्धवट सुटत. यंत्राला चूक कळते, तर ती दुरुस्त का करता येऊ नये, या वैतागातून त्यांनी चूक ओळखून सुधारणारी सांकेतिक पद्धत शोधली आणि १९५० मध्ये ती प्रसिद्ध केली. मोठ्या सर्व्हर यंत्रांतील रॅममध्ये अशी सोय असते. आपल्या साध्या लॅपटॉपमध्ये मात्र रॅम ते प्रोसेसर या संपूर्ण वाटेवर असा पहारा बहुधा नसतो.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. माझ्या एका वर्गमैत्रिणीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि आठवणी प्रकल्पासाठी मोबाइलवर मुद्रित केल्या आणि लॅपटॉपवर त्यांचे लेखन सुरू केले. लॅपटॉप जुना, कोणीतरी वापरलेला, रॅम ४ जीबी. शिष्यवृत्तीच्या पैशांतून तिने ८ जीबीची पट्टी घेतली आणि रिकाम्या असलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून घेतली. त्याच संध्याकाळपासून लॅपटॉप बंद पडू लागला. साधे लेखन करताना तासभर चाले. ध्वनिमुद्रण, लेखन आणि ब्राउझर एकदम उघडले की दहा मिनिटांत पडदा जाई. चौथ्या दिवशी लेखनाची एक फाइल उघडेनाशी झाली. मूळ आवाज मोबाइलमध्ये होता म्हणून बरे. दोन आठवड्यांचे लेखन मात्र गेले.

पुढे जे घडले ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पट्टी विकणाऱ्याने ती दुसऱ्या यंत्रावर चालवून दाखवली आणि म्हणाला, "ताई, रॅम एकदम ओके आहे. प्रॉब्लेम तुमच्या मशीनमध्ये." दुरुस्तीवाल्याने आपल्याजवळची दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये घालून पाहिली, यंत्र पुन्हा पडले, आणि त्याने निकाल दिला, "बोर्ड गेलाय. बदलायचा खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या." घरी आजींनी वेगळाच उपाय सुचवला : "नवं घातलंस न् बिघडलं, तर नवंच काढ की बाई!"

या तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, हे महत्त्वाचे आहे. प्रत्येकाजवळ एकेक पुरावा होता. परंतु एका पुराव्यावरून निकालाकडे उडी मारली की जे होते, तेच झाले. विकणारा पट्टीला निर्दोष ठरवून थांबला, दुरुस्तीवाल्याने सगळ्या बोर्डालाच फाशी दिली. आजींचे म्हणणे सर्वांत अडाणी वाटेल. पण चाचणीची पहिली पायरी म्हणून तेच सर्वांत शास्त्रशुद्ध होते. बदललेली एकच गोष्ट पूर्ववत करा आणि काय होते ते पाहा.

तर्कशास्त्रात याला व्यतिरेक पद्धती म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांतली ही एक. दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे असावेत, एकाच बाबतीत वेगळे असावेत, आणि एकात परिणाम दिसावा, दुसऱ्यात दिसू नये. मग त्या वेगळ्या बाबीतच कारण शोधावे. हिची बहीण म्हणजे अन्वय पद्धती. परिणाम जिथे जिथे दिसतो त्या सर्व प्रसंगांत समान काय आहे ते शोधावे. मैत्रिणीने मला विचारले तेव्हा मी संगणकातला तज्ज्ञ नव्हतो, आजही नाही. पण या दोन पद्धती पाठ होत्या, आणि पुढच्या कामाला तेवढे भांडवल पुरले.

आम्ही आधी नवी पट्टी काढली. मात्र लगेच चाचण्यांना सुरुवात केली नाही. जुन्या पट्टीवर यंत्र चालू करून तिच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. हा क्रम कोणीही चुकवू नये. संशयित रॅमवर चालू असलेल्या यंत्रात प्रती काढणे म्हणजे चुकणाऱ्या नकलकाराकडून दस्तऐवज उतरवून घेणे होय.

त्यानंतर मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य कार्यक्रम दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवला. तो विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, हा त्याचा मोठा गुण. त्यामुळे विंडोज, ड्रायव्हर, विषाणू असले सगळे संशयित आपोआप बाहेर राहतात. तो रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकृतिबंध लिहितो, पुन्हा वाचतो आणि ताडून पाहतो. विंडोजमध्येही 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' नावाची अशीच सोय आहे, पण ती तुलनेने वरवरची. येथे उत्तीर्णतेची टक्केवारी नसते. एकही चूक दाखवली गेली तर यंत्र नापास. आणि एका फेरीत चूक दिसली नाही म्हणून समाधान मानू नये. काही तास, शक्य तर रात्रभर, तीन-चार फेऱ्या होऊ द्याव्यात.

आमच्याजवळ दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट होते. एका वेळी एकच पट्टी घालायची ठरवली, तर मांडण्या चारच होतात. त्या लॅपटॉपमध्ये नुसत्या दुसऱ्या स्लॉटवरही यंत्र सुरू होत असे, म्हणून चारही करता आल्या. निकाल असे आले :

जुनी पट्टी, पहिला स्लॉट : एकही चूक नाही.
नवी पट्टी, पहिला स्लॉट : एकही चूक नाही.
जुनी पट्टी, दुसरा स्लॉट : चुका.
नवी पट्टी, दुसरा स्लॉट : चुका.

वाचकांनी हे चार निकाल सावकाश पाहावेत. पहिला आणि तिसरा यांत पट्टी तीच, फरक फक्त स्लॉटचा. आणि निकाल वेगळा. हा व्यतिरेक. तिसरा आणि चौथा यांत पट्ट्या वेगळ्या, स्लॉट तोच. आणि निकाल सारखा. हा अन्वय. दोन्ही बोटे एकाच जागेकडे वळतात. दोष नव्या पट्टीत नव्हता, जुन्या पट्टीतही नव्हता. तो त्या दुसऱ्या स्लॉटमध्ये होता, जो इतकी वर्षे रिकामा असल्यामुळे कधी बोलला नव्हता! नवी पट्टी आली तेव्हा दोष आला नाही. तेव्हा तो केवळ दिसू लागला.

बॅटरीच्या उजेडात पाहिले तर स्लॉटच्या बारीक दातांमध्ये धुळीचे पूट आणि एक तंतू अडकलेला दिसला. कोरड्या मऊ कुंचल्याने आणि कॅमेऱ्याची भिंग साफ करण्याच्या रबरी हातपंपाने तो स्वच्छ केला. तोंडाने फुंकर घातली नाही, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो. पट्ट्यांच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसल्या. पुष्कळ ठिकाणी खोडरबर वापरतात. पण त्याचा कीस पुन्हा स्लॉटमध्येच पडण्याची भीती असते. यानंतर दोन्ही पट्ट्या बसवून रात्रभर चाचणी लावली. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते.

येथे एखादा चिकित्सक वाचक शंका काढील की, पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्यानेच काम झाले नसेल कशावरून? शंका योग्य आहे, कारण पट्टी नीट न बसणे हे अशा बिघाडाचे एक अगदी नेहमीचे कारण असते. परंतु सफाईपूर्वीही त्या स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या नव्याने बसवून झाल्या होत्या आणि चुका येतच होत्या. तेव्हा नुसत्या बसवण्याने भागले नव्हते. फरक पडला तो सफाईनंतर. सफाई करूनही चुका राहिल्या असत्या, तर दुरुस्तीवाल्याचे म्हणणे निदान त्या स्लॉटपुरते खरे मानावे लागले असते. तरीही ८ जीबीची एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये घालून ते यंत्र चाललेच असते. नवीन लॅपटॉप घेण्याची वेळ कोणत्याही मार्गाने येत नव्हती.

प्रत्येक बिघाड धुळीनेच होतो असे अर्थातच नाही. म्हणून इतर संशयितांचीही यादी देतो. पहिली गोष्ट पट्टीची जात. लॅपटॉपची डीडीआर३ पट्टी २०४ टोकांची, डीडीआर४ ची २६० आणि डीडीआर५ ची २६२ टोकांची असते. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची पट्टी सहसा बसतच नाही, म्हणून कधीही जोर लावू नये. पण डीडीआर३ मध्ये १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची असे दोन प्रकार दिसायला अगदी सारखे असतात. तेथे लेबल वाचावे. दुसरी गोष्ट मर्यादा. किती रॅम चालेल हे प्रत्येक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात दिलेले असते. त्यापेक्षा जास्त घालून उपयोग नाही. तिसरी गोष्ट जोडी. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र घातल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. बहुधा त्यांचे जमते, क्वचित जमत नाही. वेगवेगळ्या चाचणीत दोन्ही पट्ट्या दोन्ही स्लॉटमध्ये उत्तीर्ण झाल्या आणि एकत्र घातल्यावरच चुका आल्या, तर दोष या जोडीचा समजावा. अशा वेळी बायोसची नवी आवृत्ती निर्मात्याने दिली असल्यास तिचाही उपयोग होतो. मात्र ती चढवताना चार्जर लावलेला असावा. काही लॅपटॉपमध्ये एक रॅम बोर्डावरच डाखलेली असते. तेथे चार मांडण्या होत नाहीत. पट्टी असताना आणि नसताना एवढीच तुलना करता येते.

बसवण्याची रीतही लक्षात असावी. विंडोजचे 'शट डाउन' नेहमी पूर्ण बंद करणारे नसते. जलद सुरू होता यावे म्हणून प्रणालीचा काही भाग डिस्कवर गोठवून ठेवला जातो. म्हणून रॅम बदलण्यापूर्वी शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन करावे. मग चार्जर काढावा, आतील बॅटरीची जोडणी सोडवावी, अंगातील स्थिर विजेसाठी धातूच्या वस्तूला हात लावावा. पट्टी तिरकी धरून खाचेत पूर्ण सरकवावी आणि खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चापांचा 'टक्' आवाज यायला हवा. नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा पडदा थोडा वेळ काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नये. यंत्र नव्या पट्टीची ओळख करून घेत असते. झाकण उघडताना पंख्याची किंवा बॅटरीची तार हलली नाही ना, तेही पाहावे. आणि नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली म्हणजे विजेचाच दोष, असे समजू नये. यंत्र नीट बंद न होता अचानक थांबले, एवढाच तिचा अर्थ.

त्या प्रकल्पातील एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मुद्रित केलेल्या आठवणींत आजी सांगतात की, त्या लग्न होऊन घरात आल्या त्याच पावसाळ्यात गोठ्यातला बैल दगावला, आणि सासरच्या माणसांनी त्यांना 'पांढऱ्या पायाची' ठरवले. बैल आधीपासून आजारी होता का, हे कोणी विचारले नाही. ही आठवण त्या उघडेनाशा झालेल्या फाइलमध्ये होती. मैत्रिणीने ती मोबाइलवरून ऐकून पुन्हा उतरवली. यंत्राच्या बाबतीत आपली चूक झाली तर फार तर पैसे जातात, लेखन जाते. माणसांच्या बाबतीत तोच तर्कदोष कोणाचे सारे आयुष्य खातो, आणि तेथे रात्रभर चालणारी कोणतीही चाचणी नसते.

सारांश एवढाच की, लॅपटॉप बंद पडू लागला तर प्रथम आपले लेखन वाचवावे. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, प्रत्येक निकाल कागदावर लिहावा, आणि चार निकाल हाती येईपर्यंत कोणालाही दोषी म्हणू नये. नव्या पट्टीला नाही, जुन्या यंत्राला नाही, दुकानदारालाही नाही. पट्टी परत करण्याची मुदत असते, म्हणून ही पारख घेतल्यापासून पहिल्या चार-आठ दिवसांतच उरकावी. एवढे करायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लागतो तो थोडा धीर, आणि प्रथम वर्षाला शिकलेले तर्कशास्त्राचे एक प्रकरण.